दुसरं आडनाव

अकोला
१९ सप्टेंबर २०२५

चि. पौर्णिमास आशीर्वाद.

फोनवर तुझी सासू बोलते, मी बोलत नाही. फोनवरच्या बोलण्याला धरबंध नसतो. माणूस दुसऱ्या दिवशी म्हणतो, मी असं म्हटलंच नव्हतं. म्हणून मी लिहितो. दोन बोटांनी टाइप करतो, वेळ लागतो, पण लिहिलेलं राहते.

काल तुझ्या दिरानं, पियुषनं, त्याच्या मोबाइलवर तुमच्या तिथल्या शाळेचं पान उघडून दाखवलं. गौरांग पांढऱ्या सदऱ्यात, छातीवर निळी फीत, हातात सर्टिफिकेट. तुझ्या सासूनं मोबाइलच छातीशी धरला, सोडेना. 'माह्या मनोजसारखाच उभा राहते वं' म्हणाली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग चष्मा लावून मी सर्टिफिकेटवरचं नाव वाचलं. गौरांग म्हैसने मोहोड.

मनोज कुठं आहे?

सगळा जन्म शाळेत गेला माझा. तेल्हाऱ्याला हेडमास्तर असताना हजारो पोरांची नावं या हातानं दाखल केली. पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव. बाप मेला म्हणून त्याला पोराच्या नावातून कोणी काढत नाही. उलट मेलेला बाप तेवढ्याच जागी शिल्लक राहतो. तू माझ्या पोराला तिथून काढलं, आणि शेपटाला तुझ्या माहेरचं आडनाव लावलं.

नातवाला आजोळचं आडनाव कधी लागते, हे वऱ्हाडात शेंबडं पोरगंही सांगेल. आजोळानं दत्तक घेतल्यावर. तुझ्या वडिलांना मुलगा नाही, परतवाड्याकडची संत्र्याची बाग आहे. मनोजच्या तेरवीला, पंगत उठायच्या आत, देवरावजी माझ्या कानाशी लागले होते, 'लेकरू मले द्या.' मी ताटावरून उठलो होतो. तू पाहिलं होतं.

सरळ विचारतो, सरळ सांग. गौरांग मोहोडांना दिला का?

वामनराव म्हैसने

ता. क. तुझी सासू विचारते, लेकरू वाळलं वाटते, तिकडं तूप भेटते का.


ग्वातेमाला सिटी
२१ सप्टेंबर २०२५

ती. मामाजी आणि आत्याबाईंना नमस्कार.

मामाजी, तुमचा मेल वाचला. एका आडनावावरून तुम्ही मला कुठल्या कुठे नेऊन ठेवलं!

इथे मध्य अमेरिकेत प्रत्येकाला दोन आडनावं असतात. पहिलं बापाचं, दुसरं आईच्या माहेरचं. राष्ट्रपतीलाही दोन आणि आमच्या गेटवर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या रखवालदारालाही दोन. एकच सांगितलं तर कारकून बाई आपल्याकडे अशी पाहते, जसा लेकराला बापच नाही. दोन विचारली, मी दोन सांगितली. मोहोड नाही लिहू तर काय लिहू? यात दत्तक नाही की काही नाही. मी शिकवते त्या वर्गातल्या सगळ्या पोरांच्या नावामागे त्यांचं आजोळ आहे, आणि एकही दत्तक गेलेलं नाही.

आणि सर्टिफिकेट कशाचं आहे ते तुम्ही वाचलंच नाही. त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला गौरांगनं सगळ्या शाळेसमोर स्पॅनिशमधून धडा वाचला. मामाजी, मनोज गेल्यावर हाच गौरांग अकोल्याच्या शाळेत वर्षभर तोंड उघडत नव्हता. तुम्ही स्वतः त्याच्या बाईंना भेटायला गेले होते. आठवते ना? तो आता मोठ्यानं वाचून राहिला. घरी येऊन माझ्याशी भांडते, मित्रांना नावं ठेवते, न्हाणीत गाणी म्हणते.

आत्याबाई, तूप मी घरीच कढवते. वाळला नाही, उंच झाला.

पौर्णिमा


अकोला
३० सप्टेंबर २०२५

चि. पौर्णिमास आशीर्वाद.

दोन आडनावांचं पियुषनं इंटरनेटवर पाहिलं. खरं आहे म्हणतो. असेल. वाचलं तेव्हा, खरं सांगतो, जीव भांड्यात पडला. पोरगा बोलून राहिला हे वाचून तुझी सासू रडली, आणि मी उगाच दारापर्यंत जाऊन आलो.

पण माझं समाधान अर्धंच झालं. मनोज काहून काढला, हे तू सांगितलं नाही. दोन आडनावं लागतात तर लागू दे, मधलं नाव ठेवायला कोणती बंदी होती?

आणि ही इंटरनॅशनल शाळा म्हणजे आहे तरी काय? इथं अकोल्यात टिनाच्या शेडवर 'इंटरनॅशनल' लिहून दार उघडतात. आत मास्तर कोण, तर काल बीएड झालेलं पोट्टं. तिकडंही तसंच असेल, तर आपलं लेकरू कशासाठी परदेशात वाढवायचं? आजा इथं, आजी इथं, काका-काकू इथं. तू गणिताची मास्तरीण, तुला अकोल्यात कोणीही हात जोडून घेईल.

डिसेंबरात ख्रिसमसची सुट्टी असेलच. गौरांगला घेऊन ये. समोरासमोर बसून बोलू. आणि आणखी एक, माझ्या मनातून जात नाही म्हणून विचारतो. देवरावजींनी तेरवीनंतर तो विषय पुन्हा कधी काढला का?

वामनराव


ग्वातेमाला सिटी
५ ऑक्टोबर २०२५

ती. मामाजींना नमस्कार.

दसऱ्याला तुम्हा सगळ्यांची फार आठवण आली. इथे सोनं म्हणून वाटायला आपट्याचं पान नाही, मी कुठल्याशा झाडाची पानं गौरांगच्या हातात दिली आणि त्यानं ती शेजारच्या आजीबाईंना नेऊन दिली. त्या म्हणे रडल्या. कशाला कोण जाणे.

शाळेचं विचारलं, सांगते. तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. इथेही गल्लोगल्ली खासगी शाळा आहेत. भाड्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या जागी पहिलीचा वर्ग, आणि दारावर पाटी 'दोन भाषांची शाळा'. सरकारी शाळेवर लोकांचा भरवसा नाही, म्हणून गरिबातला गरीबही पोट मारून खासगीतच घालते. अगदी अकोटला पाहावं तसं. आमची शाळा या सगळ्यांच्या टोकाची. बाहेरून नुसती उंच भिंत आणि वर काटेरी तार, आत हिरवं मैदान. मुलं काळ्या काचांच्या गाड्यांतून येतात, सोबत अंगरक्षक. मालकांची, मंत्र्यांची, डॉक्टरांची मुलं. इथे एक घर एकाच शाळेत पिढ्यान्पिढ्या जाते, आणि कोणत्या शाळेची आहे यावरून पोरीचं लग्न ठरते. गौरांगला या शाळेत जागा मिळाली ती फक्त मी इथे शिकवते म्हणून. मी गेले की जागा गेली.

बाहेरच्या देशांतून आलेल्या आम्हा मास्तरांचा करार दोन वर्षांचा असतो. पुढची दोन वर्षं राहणार की नाही, हे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सही करून सांगायचं आहे. मी अजून सही केलेली नाही. खरंच ठरत नाही माझं.

डिसेंबरात येणं जमणार नाही, मामाजी. मला सुट्टीतही वर्ग दिले आहेत. वाईट वाटून घेऊ नका.

बाबांनी तो विषय पुन्हा काढलेला नाही.

पौर्णिमा


अकोला
२६ ऑक्टोबर २०२५

पौर्णिमा,

दिवाळी संपली म्हणून मी अमरावतीला गेलो होतो. देवरावजींना फराळ द्यावा, मनातली अढी काढावी, एवढाच हेतू होता. तुझ्यावर विश्वास ठेवून गेलो होतो, हे वाच आणि लक्षात ठेव.

देवरावजींनी दारातच मिठी मारली. 'या इवाई, बरं झालं तुमीच आले, नाहीतर मीच येनार होतो बोलावाले.' कशाला बोलावाले? तर वीस डिसेंबरले परतवाड्याच्या मळ्यात होम आहे, दत्तक विधानाचा. भटजी ठरला, मंडप ठरला, जेवणावळ ठरली. पौर्णिमा लेकराले घेऊन येऊन राहिली, तिकिटं काढली तिनं. माझ्या हातात तुझ्या आईनं चहा दिला आणि विचारलं, 'तुमाले सांगतलं नाही का तिनं?'

मी तो चहा प्यायलो. परक्याच्या घरी बसून माणूस काय करेल?

मला लिहिलं, सुट्टीतही वर्ग आहेत. मला लिहिलं, बाबांनी विषय काढला नाही. दोन ओळींत दोन लबाड्या. इतकी वर्षं पोरांच्या लबाड्या पकडल्या मी, आणि माझी सून मला सातासमुद्रापलीकडून डोळे मिटून दूध पिऊन दाखवते! मनोजचं नाव काढलं ते उगाच नव्हतं. आधी नावातून काढला, आता घरातून काढून राहिली. दत्तक गेलेलं लेकरू जन्मदात्या बापाचं उरत नाही. कायद्यानंही नाही. माझ्या मनोजला मग मागं कोण आहे, सांग मला. कोण आहे?

वामनराव म्हैसने


ग्वातेमाला सिटी
२७ ऑक्टोबर २०२५

ती. मामाजी,

तुम्ही लिहिलं ते सगळं वाचलं. दोनदा वाचलं. खोटं बोलले, हे खरं आहे. माफी मागते. पण काहून बोलले तेही आज लिहिते, मग तुम्हाला वाटेल ते म्हणा.

मी तुम्हाला भिते, मामाजी. मागच्या वर्षी निघताना तुम्ही गौरांगचा पासपोर्ट तुमच्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता. शाळा सुरू व्हायची तारीख जवळ येत होती, मी तुमच्या पायाशी बसून रडत होते, आणि तुम्ही पेपर वाचत होते. पियुषभाऊजी तुमच्या हातापाया पडले तेव्हा कुठे दिला. अकोल्यात पाय ठेवला की तसंच होईल, ही धास्ती माझ्या पोटातून गेलेली नाही. म्हणून ठरवलं होतं, अमरावतीलाच उतरायचं, तुम्हाला आणि आत्याबाईंना तिथेच बोलवायचं, आणि परत निघायचं.

बाबांना मी दत्तकाला हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. ते फोनवर बागेचं बोलतात, रडतात, मी गप्प राहते. माझ्या गप्प राहण्याचा त्यांनी होम ठरवला. मंडपाचं मला तुमच्याकडून कळलं, गौरांगची शपथ.

आणि मनोजचं नाव. हे मी तुम्हाला कधीच लिहिणार नव्हते. आधी मी पूर्ण नाव दिलं होतं, गौरांग मनोज म्हैसने मोहोड. इथे मुलांना दोन-दोन नावं असतात, पहिलं जमलं नाही तर मास्तर दुसऱ्यानं हाक मारतात. गौरांग म्हणताना इथल्या लोकांची जीभ वळत नाही. त्याच्या बाईंना मनोज सोपं गेलं. सबंध वर्ग त्याला मनोज म्हणू लागला. 'मनोज, इकडे ये. मनोज, वही काढ. मनोज, कुठे हरवलास?' शाळेनं मला बोलावलं तेव्हा तो बाकाखाली बसला होता. कान दाबून. मी त्याला बाहेर काढलं तर म्हणाला, 'आई, हे सगळे पप्पाले बोलावून राहिले, पण पप्पा तर येतच नाही.'

त्याच दिवशी मी ते नाव शाळेतून काढायला लावलं. तुम्ही माझ्या जागी असते तर काय केलं असतं, मामाजी?

पौर्णिमा


अकोला
२ नोव्हेंबर २०२५

चि. पौर्णिमास अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचून चार दिवस मला जेवण गेलं नाही. बाकाखालचं वाचलं आणि पुढं वाचवेना. चूक माझी आहे. पासपोर्टचंही माझंच चुकलं. म्हातारपणी माणसाला धरून ठेवायची खोड लागते.

झालं गेलं विसरून जा. डिसेंबरात ये. अमरावतीला जायचं तर जा, मी आडवा येणार नाही, पण आधी अकोल्याला उतर. लेकराला चार दिवस आजीजवळ राहू दे. कपाट नाही, कुलूप नाही. तुला जायचं त्या तारखेला मी स्वतः नागपूरला विमानावर सोडायला येईन. होमाचं मी देवरावजींशी शांतपणे बोलतो, तू त्यांच्याशी भांडू नको.

कोणत्या तारखेला उतरणार, तेवढं नक्की कळव. तारीख कळली की मला बाकीची सोय करता येईल.

तुझा
मामाजी


ग्वातेमाला सिटी
३ नोव्हेंबर २०२५

ती. मामाजींना साष्टांग नमस्कार.

काय लिहू? शाळेत मधल्या सुट्टीत तुमचा मेल वाचला आणि शिक्षकांच्या खोलीतच रडू फुटलं. इथली एक मास्तरीण घाबरली, तिला वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं, नाही गं, कोणी गेलं नाही, कोणी तरी परत मिळालं.

तिकीट बदलून राहिले. आम्ही १४ डिसेंबरला नागपूरला उतरतो, तिथून थेट अकोला. बाबांनाही कळवते की पहिले सासरी जाते, होमाचं नंतर पाहू. गौरांगनं आत्तापासून बॅग काढली आहे. आजीसाठी त्यानं इथल्या बाजारातून विणलेली ओढणी घेतली, लालभडक. आत्याबाई नको म्हणतील, पण घ्यायला लावा.

इथल्या कराराचीही आता घाई वाटत नाही. तुम्हा सगळ्यांशी बोलूनच ठरवीन म्हणते. शाळेकडून मुदत वाढवून मागते.

आज झोप लागेल, मामाजी.

पौर्णिमा


अकोला
५ नोव्हेंबर २०२५

पौर्णिमा बाई,

मी कौशल्या, तुही आत्याबाई. पियुषची आरती लिहून राहिली, मी सांगून राहिली. आरती म्हणते, आत्या, शुद्ध लिहू का? मी म्हटलं, जसं बोलते तसंच लिही, तिले समजलं पाह्यजे का मीच आहे म्हणून. हे नेहमीच्या मेलवरून नाही, आरतीच्या मेलवरून येऊन राहिलं. मामाजीले माईत नाही.

तू येऊ नोको.

आता बस आन नीट आयक. तुही तारीख आली त मामाजीनं मोठ्यानं वाचून दाखवली. मी उठली, वरची खोली झाडाले लागली. गादी उन्हात टाकली. संध्याकाळी वकील आला. मी चहा घेऊन गेली त दारातच थबकली. वकील म्हणे, 'अर्ज तयार आहे साहेब. पन लेकरू या मातीत उतरल्याबिगर काई होत नाही. चौदाले उतरू द्या, पंधराले अर्ज टाकू, का आजोबाच्या ताब्यात द्या आन केस चालते तवरीक देशाभाईर नेऊ देऊ नका. आई नोकरीसाठी भटकते, आजोळचे दत्तक घेऊन राहिले, समदं बसते. एकदा का मनाई भेटली, का मंग वर्ष दोन वर्ष कोणी हलवत नाही.' मामाजी म्हणे, 'माह्या मनोजचं नाव राह्यलं पाह्यजे. बाकी मले काई नोको.'

थे रडत व्हते पौर्णिमा. मी खोटं सांगत नाही. रडत व्हते आन सही करत व्हते. तू जे बाकाखालचं लिहिलं, त्याच्यावर थे खरोखर चार दिवस जेवले नाही. माणूस वाईट नाही. पण पोरगा गेल्यापासून थ्याइच्या डोक्यात एकच घुसलं हाये, आन थे आता कोणाचंच आयकत नाही, माहंबी नाही.

मी म्हटलं, 'लेकरू तिथं बोलून राहिलं, हसून राहिलं, इथं कोर्टात उभं करता त्याले?' त म्हणे, 'लहान हाये, विसरते.' बाप्पा! बाप विसरला का तो अजून?

तुह्या बापाचंबी मले काई खरं वाटत नाही. इकडं वकील बसला, तिकडं भटजी बसला. मधात लेकरू. तू म्हणशीन समजावून सांगतो, आमी बोलू, समदे मोठे माणसं हाये. नाही वं. मोठे माणसंच हाये म्हणून त सांगतो. तुह्यानं दोघाइलेबी नाही म्हणणं होत नाही. तू गप राहते. तू इथं आली का गप राहशीन, आन हे दोघं बुडे तुह्या गप राहण्यातूनच लेकरू उचलून नेतीन.

म्हणून मी तुह्यावतीनं नाही म्हणतो. तिकीट वापस कर. पैसे बुडले त बुडू दे. आन शाळेच्या त्या कराराले मुदत गिदत नोको मागू. उद्या सकाळी शाळेत गेली का पहिले सही कर. दोन वर्ष त दोन वर्ष. त्याले तिथं शिकू दे. नावाच्या मागं दोन लागू दे का चार लागू दे, मले त्याचं काई नाही. मनोज माह्या पोटातून आला, थो कागदावरून गेल्यानं मले कमी होत नाही.

आता तू म्हणशीन, आत्याबाईले लेकराची आस नाही का. काय सांगू तुले. आरती लिहिता लिहिता थांबून राहिली माह्यामुळं. दोन वर्षानं मी राहीन का नाही, देवाले माईत. पण थो माह्यासाठी आला आन इथंच अडकला, त मले त्याचं तोंड पायनं होणार नाही. त्यापरीस नाही पाह्यलेलं बरं.

मले इतकंच कळव का सही केली. बाकी काई लिहू नोको, रडत बसू नोको, लेकराले डबा दे आन शाळेत धाड.

मामाजीले मीच सांगीन का पौर्णिमा येत नाही म्हणून. थे इचारतीन, काहून? मी सांगीन, मी नाही म्हटलं. मंग काय बोलाचं थे मले बोलतीन. मी इथंच हाये, कुठं जात नाही.

कौशल्या